अडतीस हजार गाण्यांचं दप्तर

माझ्याकडे अडतीस हजार चारशे बारा गाणी आहेत. हा आकडा मी कुणी न विचारता सांगतो, असा घरच्यांचा आरोप आहे आणि तो खरा आहे. लोक मुलांचे मार्क न विचारता सांगतात, स्वतःचा रक्तदाब न विचारता सांगतात, मी गाणी सांगतो. त्यातली ऐकलीत किती, असा आचरट प्रश्न बायकोने एकदा पाहुण्यांसमोर विचारला होता. गाणी जमवणं आणि गाणी ऐकणं ही दोन वेगळी खाती आहेत आणि माझ्याकडे फक्त पहिल्याचा कार्यभार आहे, हे मी तिला शांतपणे समजावून सांगितलं. पाहुणे लवकर गेले.

मी एका मोठ्या कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिथे जुने कागद येऊन पडतात त्या अभिलेख कक्षाचा प्रमुख आहे. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एक कागद हरवलेला नाही. जे दोन हरवले ते आधीच्या साहेबांच्या काळात हरवले असणार, असं चौकशी समितीनेही जवळजवळ मान्य केलं होतं. माझी पद्धत साधी आहे. फायलीवर नाव म्हणून लिहायचं नाही. नाव लिहिलं की येणाऱ्याजाणाऱ्याला फाइल सापडते, आणि सापडली की ती जागेवर राहत नाही. फायलीवर नुसता क्रमांक टाकायचा, त्या क्रमांकाचा अर्थ नोंदवहीत लिहायचा आणि नोंदवही आपल्या कपाटात ठेवायची. मग मंत्रालयातून माणूस आला तरी त्याला आधी माझ्यापुढे बसावं लागतं.

हीच पद्धत मी गाण्यांना लावली. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक गाण्याचं नाव पुसलं आणि त्याला क्रमांक दिला. गाणं कोणतं, कुणी गायलंय, कधी दाखल झालं आणि शेरा काय, हे सगळं मी ज्या प्रोग्रॅममध्ये गाणी ठेवायचो त्याच्या यादीत भरलं. यादी हीच नोंदवही. अठरा वर्षं ऑफिसातून आलो की हातपाय धुऊन मी या कामाला बसत असे. शेऱ्याच्या रकान्यात 'ठीक', 'बरे', 'पुन्हा पाहावे' असे शेरे असत. 'उत्तम' असा शेरा मी कुणालाच दिलेला नाही. एकदा दिला की बाकीचे मागतात.

आता सासऱ्यांविषयी. ते आमच्याकडेच, पुढच्या खोलीत राहतात. वय एक्याऐंशी. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत गाणं शिकवलं. बेसूर त्यांना सोसत नाही, मग तो माणूस असो की वस्तू. आमच्या दाराची बेल अर्धा सूर खाली आहे म्हणून त्यांनी ती दोनदा बदलून घेतली. दुसऱ्या खेपेला इलेक्ट्रिशियन दारातच म्हणाला की बेल मी बसवतो, पण वाजवून तुम्हीच पाहा, मी जिन्यात थांबतो.

त्यांच्या सोळा कॅसेटी होत्या. शाळेतल्या मुलांची गाणी, काही स्वतःची. सात वर्षांपूर्वी मी त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या, क्रमांक दिले, नोंदी केल्या आणि कॅसेटी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. नोंद झाल्यावर मूळ प्रत जपून ठेवणं म्हणजे आपल्याच नोंदीवर अविश्वास दाखवणं. हे मी सासऱ्यांना सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं.

तर एका सोमवारी सासऱ्यांना पत्र आलं. पत्र पेटीमास्तरांचं होतं. पेटीमास्तर म्हणजे त्यांच्याच शाळेत पेटी वाजवणारे त्यांचे जिवलग मित्र. अकरा वर्षं हे गायचे आणि ते साथ करायचे. मग एकदा शिक्षकांची गाण्याची स्पर्धा झाली, पेटीमास्तर परीक्षक झाले आणि त्यांनी आपल्या या जिवलगाला दुसरा नंबर दिला. 'दुसऱ्या अंतऱ्यात सूर उतरला' असं कारणही कागदावर लिहून दिलं. त्या दिवसापासून एकोणचाळीस वर्षं सासरे त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. सूर उतरला नव्हता, जळफळाट होता, असं त्यांचं म्हणणं. सभागृहात कुणीतरी ते गाणं टेप केलं होतं आणि ती कॅसेट त्यांना आणूनही दिली होती, पण त्यांनी ती कधी लावली नाही. मी काय गायलो ते मला माहीत आहे, म्हणायचे. ती कॅसेट त्या सोळांतली एक.

पेटीमास्तर आता मुलीकडे राहायला आले होते, आमच्यापासून चार बसथांबे पलीकडे. भेटावंसं वाटतं, एवढंच पत्रात होतं, आणि खाली फोन नंबर. सासऱ्यांनी ते तीनदा वाचलं आणि चहाचा कप बाजूला सारला.

"ती टेप ऐकायची," ते म्हणाले. "माझा सूर खरा असेल तर त्याने इथे यावं आणि चूक कबूल करावी. खोटा असेल तर मी जाईन. रविवारी पाचला फोन करतो म्हणून कळवतो त्याला."

बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच म्हणाली की हे एक्याऐंशीचे, ते त्र्याऐंशीचे, आता नाही तर कधीच नाही. मग तिने ते गाणं नीट आहे ना, असं विचारलं. दोन मिनिटांत लावतो, असं मी दोघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

कॉम्प्युटर लावला. प्रोग्रॅम रात्रीतून आपणहून नवा झाला होता. 'आम्ही तुमचं काम अधिक सोपं केलं आहे' अशी पाटी आली. कुणी असं म्हणालं की मी आधी खिसा चाचपतो. पाटीखाली माझी यादी नव्हती. एक तरुणी डोळे मिटून नाचत होती आणि तिच्या शेजारी 'खास तुमच्यासाठी' म्हणून काही गाणी होती, जी माझ्यासाठी सोडाच, कुणाहीसाठी नसावीत. लोक हल्ली गाणी जवळ ठेवत नाहीत असं कंपनीने परस्पर ठरवून टाकलं होतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'तुमच्या फायली' असं होतं. ते दाबलं. एकापासून अडतीस हजार चारशे बारापर्यंत क्रमांक ओळीने उभे राहिले. नाव एकालाही नाही, शेरा नाही, काही नाही. अठरा वर्षं खपून मी माझ्याच हाताने सगळ्या गाण्यांना अज्ञातवासात धाडलं होतं.

पुढच्या खोलीतून सासऱ्यांनी विचारलं, झालं का. मी म्हटलं, कार्यवाही चालू आहे.

बातमी बायकोने फोडली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर दहाव्या मिनिटाला खाली आले. जगात जे काही बिघडतं ते आपल्याला आधी न विचारल्यामुळे बिघडतं, अशी त्यांची ठाम समजूत आहे. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि बॅकअप घेतला होता का म्हणून विचारलं. हा प्रश्न कुणी उत्तरासाठी विचारत नाही. घेतला होता, म्हटलं, तीन वेगवेगळ्या डिस्कवर. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी तिन्ही डिस्क उघडून पाहिल्या आणि तिन्हीकडे तेच क्रमांक पाहून त्यांना पुन्हा हुशारी आली. नोंदवहीची प्रत का नाही ठेवली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन नोंदवह्या झाल्या की खरी कोणती, हा वाद सुरू होतो. त्यांनी चष्मा काढून परत पुसला. सरकार असं का चालतं ते आज कळलं, म्हणाले.

कोपऱ्यावरचा केमिस्ट म्हणाला, बंद करून दहा आकडे मोजा आणि परत लावा, माझा फ्रिज असाच बरा झाला. मी मोजले. शेजारच्या शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या की इतकी गाणी घरात कशाला ठेवायची, आता सगळी फोनवर मिळतात. त्यांनी फोनला कुठलंसं गाणं विचारलं आणि फोन लगेच गायला लागला. मी म्हटलं, आमच्या सासऱ्यांचं आहे का विचारा. त्यांनी सासऱ्यांचं पूर्ण नाव सांगितलं. फोनने त्या नावाच्या हार्डवेअरच्या दुकानाला जायचा रस्ता दाखवला.

मंगळवारी मी कंपनीला गाठलं. कंपनी म्हणजे माणूस नव्हे, पडद्यावरची एक चौकट. चौकटीतल्या बाईंनी 'तुमची अडचण मी पूर्णपणे समजू शकते' असं लिहिलं. मी अडचण अजून लिहिलीच नव्हती. मी लिहिली, आणि ती पूर्ण व्हायच्या आत त्यांनी माझं समाधान झाल्याबद्दल आनंद व्यक्त करून चौकट मिटली. मी स्वतः सत्तावीस वर्षं लोकांना परत पाठवतोय, पण तोंडावर इतका गोडवा ठेवून पाठवणं मला कधी जमलेलं नाही. तिसऱ्या खेपेला एवढं कळलं की जुनी यादी कंपनीकडच्या माझ्या खात्यात असू शकते. खातं उघडायचं तर मी मीच आहे हे सिद्ध करायला हवं. त्यासाठी अठरा वर्षांपूर्वी मीच उत्तर दिलेला एक प्रश्न होता. तुमचा आवडता गायक कोण?

दिवसाला पाचच उत्तरं देता येत होती. मंगळवारी मी पाच थोर गायक घातले, पाचही चुकले. बुधवारी आणखी तीन घातले. नववं नाव सासऱ्यांचं घातलं. लग्नानंतरच्या दिवसांत माणूस काहीही लिहितो. तेही चुकलं आणि मला बरं वाटलं. एकच संधी उरली होती. बायको भांडी पुसत मागे उभी होती.

"अहो, तुम्हाला आवडता गायक आहे का?" ती म्हणाली. "तुम्हाला साधा शर्ट निवडायला दोन महिने लागतात. ऑफिसात ठरत नसलं की तुम्ही काय लिहिता?"

मी 'विचाराधीन' असं लिहिलं. खातं उघडलं. त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला की लाज वाटली, ते अजून ठरलेलं नाही.

खात्यात यादी नव्हती. एक सूचना होती. माझ्या यादीतली शंभरातली नव्व्याण्णव गाणी एकदाही लावलेली नसल्यामुळे ती मला नको आहेत असं समजून यादी काढून टाकण्यात आली होती. माझ्या सोयीसाठी. बायकोने ती मोठ्याने वाचली, ताट जागेवर ठेवलं आणि दुसरं पुसायला घेतलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी इंजिनिअर उत्साहाने खाली आले. त्यांनी एक नवा प्रोग्रॅम शोधून आणला होता. तो गाणं ऐकतो, जगातल्या सगळ्या गाण्यांशी ताडून पाहतो आणि नाव लिहून टाकतो. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी तो सुरूही केला. दुपारपर्यंत नावं उगवायला लागली आणि मला इंजिनिअर देवमाणूस वाटू लागले. शुक्रवारी संध्याकाळी लक्षात आलं की नाव लिहिताना तो माझा क्रमांक पुसत होता, आणि नाव माहीत नसेल तर मिळतंजुळतं काहीतरी ठोकून देत होता. आगीतून निघून मी फुफाट्यात पडलो होतो. इतक्यात सासरे दारात येऊन उभे राहिले. इंजिनिअरांनी आपली करामत दाखवायला म्हणून कुठलंसं एक गाणं लावलं. पंचवीसेक मुलं समूहगीत गात होती.

"ही माझी सातवी अ," सासरे म्हणाले. मग ते पुढे वाकले आणि पडद्यावरचं नाव त्यांनी सावकाश वाचलं. "कुत्र्यांना झोप लागण्यासाठी मंद स्वर. भाग चार."

इंजिनिअरांना वरती काम आठवलं. मग मला सगळं सांगावं लागलं. क्रमांक, यादी, कंपनी, सगळं. सासरे ऐकत होते. शेवटी म्हणाले, जाऊ द्या, टेपच आणा, कुणाकडे तरी यंत्र मिळेल. मी टेप भंगारात दिल्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"सगळ्या?"

"हो, बाबा."

ते त्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी खुर्चीत बसून राहिलो. खरं सांगायचं तर ऑफिसात मी लोकांना 'कागद सापडत नाही' असं हजार वेळा सांगितलं असेल, आणि त्यांच्या तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी बायको म्हणाली, "बाबांचं गाणं जगाला कुठे माहीत आहे? मग जगाला जी माहीत नाहीत तेवढीच वेगळी काढा."

हे इंजिनिअरांना सुचलं नव्हतं, मलाही नाही. ज्यांना प्रोग्रॅमने 'ओळख पटली नाही' म्हटलं होतं किंवा झोपेची, कुत्र्यामांजरांची, पोटातल्या बाळांची नावं दिली होती, अशी मी वेगळी काढली. अकराशे त्रेसष्ट भरली. ती एकेक करून ऐकण्याखेरीज उपाय नव्हता, आणि माझ्या घरात ऐकता येणारा माणूस एकच होता. बायकोने त्यांना कसं समजावलं कोण जाणे, पण ते आले आणि माझ्याकडे न बघता ताठ बसले.

मी गाणं लावायचो आणि ते दोन सेकंदांत निकाल द्यायचे. "पुढे. ही सहावी ब, पुढे. हा तिसऱ्या बाकावरचा, वडील पोस्टात होते, पुढे." चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीची मुलं नुसत्या आवाजावरून ओळखत होते. एका गाण्यात मध्येच एक मुलगी खुदकन हसली. मला ते पुढे ऐकायचं होतं, पण 'पुढे' म्हणून हुकूम झाला. या सगळ्यांना मी 'ठीक' असा शेरा दिला होता आणि एकही ऐकलं नव्हतं. जेवायला उठेपर्यंत चारशे झाली.

दुपारी एक जाड आवाज आला. सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं.

"हा कोण रेडा?"

आठ वर्षांपूर्वी घरी कुणी नसताना मी एक गाणं टेप करून पाहिलं होतं आणि रीतसर 'पुरुष गायक, इतर' या सदरात दाखल केलं होतं. मी म्हटलं, असेल कुणीतरी. आतून बायको हसली आणि तिच्या हातातला डबा पडला. सासऱ्यांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या मिशा हलल्या. अब्रू गेली, पण खोलीतली हवा मोकळी झाली, त्यामुळे मी ती सोडून दिली.

रविवारी पावणेपाचला ते सापडलं. 'नवजात बाळासाठी पंख्याचा आवाज' हे त्याचं नाव होतं, आणि सभागृहात खरोखरच एक पंखा घरघरत होता. खुर्च्या सरकल्या, कुणी खोकलं आणि मग आवाज आला. सासरे तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. असा आवाज या घरात, माझ्या शेजारच्या खोलीत राहतो हे मला माहीतच नव्हतं. बायको ओल्या हातांनी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. पहिला अंतरा झाला. दुसरा सुरू झाला तसे सासऱ्यांनी डोळे मिटले. गाणं संपलं, टाळ्या झाल्या. मला त्यात कुठे काही खटकलं नाही, बायकोलाही नाही. आम्ही सुटलो म्हणून एकमेकांकडे पाहिलं.

"परत," सासरे म्हणाले.

तीन वेळा लावलं. चौथ्यांदा त्यांनी हात वर केला.

"उतरलाय. तिसऱ्या ओळीत."

"मला तर नीट वाटलं, बाबा."

"तुम्हाला नाही कळणार, जावईबापू. त्याला कळलं होतं." ते खिडकीकडे बघत राहिले. "एकोणचाळीस वर्षं मी त्याला खोटारडा म्हणत आलो."

बायको त्यांच्याजवळ जाऊन बसली. मग पाच वाजले आणि त्यांनी स्वतः नंबर फिरवला. नाव सांगितलं नाही, मी बोलतोय, एवढंच म्हणाले. तुझं बरोबर होतं, म्हणाले. दुसऱ्या अंतऱ्याची तिसरी ओळ, माझा सूर उतरला होता. पलीकडून काहीतरी उत्तर आलं आणि सासऱ्यांची मान ताठ झाली.

"चौथी? चौथी कशी असेल? अरे, समोर ऐकतोय मी."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि लावा म्हणाले. मी फोन स्पीकरजवळ धरला आणि गाणं लावलं. चौथ्या ओळीला पलीकडून 'हा बघ, हा बघ' असा ओरडा आला. सासऱ्यांनी फोन घेऊन, तुझे कान तपासून घे, असं सुनावलं. परत लावलं. पाचव्या खेपेला फोनमधून पेटीचा भाता ओढल्याचा आवाज आला आणि गाण्यामागून पेटी वाजू लागली, आधी चाचपडत, मग नीट. सासऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. चौथी ओळ आली तशी पेटी थांबली, आणि पेटीमास्तरांनी एकच सूर घेऊन तो दाबून धरला, हट्टाने.

"थांब," सासरे फोनमध्ये म्हणाले. "मी येतो तिकडे. समोरासमोर दाखवतो."

त्यांनी चपला मागितल्या. जावईबापू, ते गाणं बरोबर घ्या, म्हणाले. छोट्या डिस्कवर घेतो म्हटलं तर तुमच्या डिस्कवर आता माझा भरवसा नाही, म्हणाले. त्यामुळे पुढच्या बसमध्ये मी अख्खा कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसलो होतो आणि लोक माझ्याकडे बघत होते. शेजारी सासरे दुसरा अंतरा गुणगुणत होते. तिसऱ्या ओळीशी आले की थांबायचे, जरा विचार करायचे आणि परत पहिल्यापासून सुरू करायचे.